चाक नको म्हणणाऱ्यांचा नंदी: नागपुरातील एका सुतारघराचे प्रकरण

२०२४ च्या जुलै महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बेसा रस्त्यावरील एका गृहसंकुलाच्या सांस्कृतिक समितीचे तीन सदस्य पूर्व नागपुरातील एका सुताराच्या घरी लाकडी नंदींची मागणी घेऊन आले. संकुलातील मुलांसाठी तान्हा पोळा भरवायचा होता आणि त्यासाठी छत्तीस नंदी हवे होते. मागणीसोबत तीन अटी होत्या. सगळे नंदी उंचीने आणि रूपाने सारखे असावेत, म्हणजे मुलांमध्ये लहान-मोठ्यावरून रुसवेफुगवे होणार नाहीत. शिंगे मोबाइलवर दाखवलेल्या चित्राप्रमाणे लांब आणि मागे वळलेली असावीत. आणि नंदीखाली चाकांची पाटी नसावी, कारण सण आटोपल्यावर तो दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात मांडता आला पाहिजे.

समितीने अर्धी रक्कम आगाऊ देण्याची तयारी दाखवली होती आणि त्या हंगामातील ती घराकडे आलेली सर्वांत मोठी मागणी होती. तरीही घरातील थोरल्या सुतारांनी, ज्यांना सगळी गल्ली काका म्हणते, तिसऱ्या अटीला तिथल्या तिथे नकार दिला. "पोट्टं त्याले वढनच, पाहत थोडीच बसन," एवढेच त्यांनी सांगितले आणि ते पुन्हा रंध्याकडे वळले. समिती विचार करून कळवतो असे म्हणून परत गेली. धाकटा मुलगा दिवसभर वडिलांशी बोलला नाही.

ही नोंद त्या नकाराची आणि त्यानंतरच्या वर्षभराची आहे. तो नकार मला प्रथम म्हाताऱ्या माणसाच्या हट्टासारखा वाटला होता. पुढचे सहा आठवडे त्या कारखान्यात (कारखाना म्हणजे घराच्या मागचे पत्र्याचे छप्पर) जाणे-येणे झाल्यावर लक्षात आले की या व्यवसायाचा सगळा हिशेबच त्या चाकावर फिरतो.

पोळ्याचा आठवडा

विदर्भाबाहेरील वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. श्रावण अमावस्येला पोळा होतो. आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी होते, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले जाते, आणि पोळ्याच्या दिवशी सजवलेल्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहतात, झडत्या (पोळ्याची पारंपरिक पद्ये) म्हटल्या जातात. तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला येतो आणि तो संपूर्णपणे मुलांचा असतो. मुले नटूनथटून लाकडी नंदी दोरीने ओढत घरोघरी नेतात. घरची बाई नंदीच्या पायांवर पाणी घालते, हळदकुंकू लावते, आणि मुलाच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवते, त्याला बोजारा म्हणतात. ही प्रथा दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ मध्ये सुरू केली असे नागपुरात सांगितले जाते. ज्यांच्या दारी बैल नाही त्यांच्या मुलांनाही बैलाचे ऋण कळावे, असा तिचा हेतू सांगतात. महाराष्ट्राच्या इतर भागांत बेंदराला किंवा पोळ्याला मातीचे बैल पुजतात. चाकावरचा लाकडी नंदी मात्र नागपूर-वर्धा-भंडारा या पट्ट्याची खास वस्तू आहे.

२०२४ मध्ये पोळा २ सप्टेंबरला, तान्हा पोळा ३ सप्टेंबरला आणि गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. म्हणजे सहा दिवसांच्या आत नागपुरातील तीन हस्तव्यवसायांची वर्षाची कमाई ठरत होती. पहिला नंदीचा. दुसरा मारबतीचा, म्हणजे मिरवणुकीतल्या मोठ्या पुतळ्यांचा: तान्हा पोळ्याच्याच दिवशी, १८८१ पासून चालत आलेली काळी मारबत आणि १८८५ पासूनची पिवळी मारबत इतवारी-जागनाथ बुधवारीच्या रस्त्यांवरून निघतात, त्यांच्या मागे-पुढे चालू घडामोडींवर टोमणे मारणारे छोटे पुतळे, म्हणजे बडगे, असतात, आणि "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" अशा घोषात मिरवून शेवटी त्यांचे दहन होते. तिसरा महालातील चितारओळीचा, जिथे गणपतीच्या मूर्तींवर तोवर शेवटचा हात फिरत असतो.

या तिघांतील एक फरक काकांनी मला बोलता बोलता, चपड्याचे (लाखेचे) पॉलिश ढवळत असताना, सांगितला. मारबत जळते, गणपती पाण्यात जातो, नंदी माळ्यावर जातो. ज्या वस्तूचे दहन किंवा विसर्जन होते ती पुढच्या वर्षी पुन्हा करावीच लागते, म्हणून तिच्या कारागिराला दरवर्षी काम मिळते. सागवानी नंदी मात्र नीट जपला तर दोन पिढ्या टिकतो, आणि एका घराला साधारणतः एकच पुरतो. मग नंदी करणाऱ्याने खावे काय? याचे उत्तर त्यांच्या वहीत होते. मागच्या काही हंगामांच्या नोंदी मी पाहिल्या, तेव्हा दर तीन कामांपैकी जवळजवळ दोन दुरुस्तीची होती: चाक बदलणे, आस बसवणे, कान लावणे, शिंग लावणे, घासून पुन्हा पॉलिश करणे. नव्या नंदीच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास एका दुरुस्तीचे पैसे मिळत होते, पण तिला लाकूड नगण्य लागते आणि गिऱ्हाईक स्वतः दारात येते. शिवाय आजोबांचा नंदी नातवासाठी दुरुस्त करायला आलेले कुटुंब त्याच फेरीत धाकट्या भावंडासाठी एक छोटा नंदी घेऊन जाते. नंदी ओढला जातो म्हणून मोडतो, आणि मोडतो म्हणून सुताराचे घर चालते. कपाटात बसलेला नंदी मोडत नाही.

लाकूड, शिंग आणि चाक

नंदीसाठी या घरात दोन प्रकारचे लाकूड वापरले जाते. मोठ्या आणि महाग नंदीला सागवान लागते. ते लकडगंजच्या आरामशिनींवर चौकटी-दारांच्या कामातून उरलेल्या तुकड्यांच्या रूपाने मिळते. लहान नंदीला शिवण किंवा मिळेल ते आडजात, म्हणजे सागवानाखेरीज इतर, लाकूड चालते. शिवण वजनाने हलकी, रंगाने फिकट आणि पटाशीखाली लोण्यासारखी चालणारी असून ती वाळल्यावर फारशी वाकत नाही, म्हणून काकांचा तिच्यावर अधिक जीव आहे. सागवानाला मान आहे पण शिवणीला स्वभाव आहे, असे ते म्हणतात.

धड एका ठोकळ्यातून निघते. त्यात लाकडाचा तंतू नाकापासून शेपटीकडे आडवा ठेवावा लागतो, नाहीतर वशिंड आणि मान यांच्यामधील खोलगट भागात पटाशी अडते. पण मग त्याच ठोकळ्यातून पाय काढले तर पायांतही तंतू आडवाच येतो, आणि आडव्या तंतूचा बारीक पाय बिस्किटासारखा तुटतो. म्हणून या घरात पाय उभ्या तंतूच्या वेगळ्या लाकडाचे करून धडात खुंटीने बसवतात. सांधा कुठे आहे ते पॉलिशनंतर दिसत नाही, आणि दिसू नये यासाठीच सगळी खटपट असते. कान आणि शिंगेही वेगळी असतात. ती मुद्दाम सरसाने बसवतात, म्हणजे मोडल्यावर गरम पाण्याच्या फडक्याने जुना तुकडा सोडवून नवा लावता येतो.

शिंगांविषयीचा वाद अधिक रंजक होता. समितीने दाखवलेले चित्र लांब, मागे वळलेल्या शिंगांच्या बैलाचे होते, म्हणजे दक्षिण महाराष्ट्रातील खिल्लार वळणाचे. काकांचे नंदी मात्र निमुळत्या लांब तोंडाचे, भरदार वशिंडाचे आणि आखूड, बोथट शिंगांचे असतात. ही त्यांची कल्पना नाही. वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांचा जो गवळाऊ गोवंश आहे, पांढरा-करडा, चपळ, पूर्वी ओझी वाहण्यासाठी नावाजलेला, त्याची ठेवण नेमकी अशी आहे. या सुतारांच्या हातात जो बैल आहे तो पूर्वजांनी बाजारात आणि पोळ्यात प्रत्यक्ष पाहिलेला बैल आहे. आता मात्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बैल येतो तो पडद्यावरचा, आणि पडद्यावर लांब शिंगे शोभून दिसतात. आखूड शिंगाला दुसरेही कारण आहे: नंदी कलंडतो तेव्हा सर्वांत आधी शिंग जमिनीला लागते.

आणि चाक. वरवर पाहता हा नंदीचा सर्वांत सोपा भाग. पाटी, तिच्याखाली दोन आस, चार चाके, पुढे दोरीसाठी कडी. पण दोरी नंदीच्या गळ्यात किंवा वेसणीत बांधली तर पहिल्याच हिसक्याला तो तोंडावर पडतो. म्हणून ओढ नेहमी पाटीला, खालून, आणि वेसण केवळ शोभेची. नंदीही पाटीच्या मधोमध न बसवता किंचित मागे बसवतात, म्हणजे वजन मागच्या चाकांवर राहते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा लाकूड खडखडीत वाळलेले असते, आणि सण येतो तो ऐन पावसाळी दमट हवेत. लाकूड तंतूच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही, आडवे मात्र फुगते. त्यामुळे फळीतून कापलेल्या चाकाचे गोल भोक एका अंगाने तेवढेच राहते आणि त्यातील लाकडी आस जाड होते. उन्हाळ्यात छान फिरणारे चाक पोळ्याला अडकून बसते. म्हणून उन्हाळ्यात केलेल्या चाकात केसभर मोकळीक ठेवायची, हे काकांना वडिलांनी शिकवले. हल्ली आस लोखंडी सळईची असते, तरी मोकळीक तेवढीच ठेवतात. चाकाचा आकारही बदलला आहे. सिमेंटचे रस्ते आणि अंगणातील गट्टू (फरसबंदीचे ठोकळे) आल्यापासून लहान चाक गट्टूंच्या सांध्यात अडते, म्हणून गेल्या काही वर्षांत ते बोटभर मोठे करावे लागले. नंदीचे तोंड भोसल्यांच्या काळातले असेल, पण त्याचे चाक महानगरपालिकेच्या रस्त्यांनी ठरवले आहे.

तडजोड

चौथ्या दिवशी समितीतील एक सदस्य एकटेच परत आले. मागणी रद्द होऊ नये यासाठी या वेळी बोलणे मुलाने हाती घेतले. तो आयटीआय झालेला आहे, दिवसा मॉड्युलर स्वयंपाकघरांच्या कामावर जातो आणि संध्याकाळी वडिलांच्या हाताखाली बसतो. त्याने सुचवलेला तोडगा साधा होता: पाटी ठेवायची, पण नंदी तिच्यावर कायमचा न ठोकता खालून हाताने फिरवता येणाऱ्या दोन नटांनी बसवायचा. सणाला चाकावर, सण झाला की कपाटात. सदस्यांना तो पटला. काकांनी होकार दिला नाही, पण नकारही दिला नाही, आणि त्या घरात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

शिंगांचा प्रश्न अनपेक्षितपणे सुटला. हे सदस्य मूळचे आर्वीकडचे निघाले. काकांनी त्यांच्या हातात एक जुना नंदी दिला, तेव्हा तो उलटसुलट करून पाहत ते म्हणाले की असाच एक बैल आजोबांकडे होता. तरीही समितीतील इतरांच्या समाधानासाठी बक्षिसाचे आठ नंदी लांब शिंगांचे करावेत असे ठरले. बाकीचे अठ्ठावीस आखूड शिंगांचे.

सारखेपणाची अट सर्वांत महाग पडली. हाताने केलेले छत्तीस नंदी सारखे होत नाहीत, आणि हाती आठ आठवड्यांहून अधिक वेळ नव्हता. मुलाने ओळखीच्या ठिकाणी संगणकावर चालणाऱ्या कोरीव यंत्रावर बारा नंदी पायांसकट एकसंध कापून आणले. दिसायला ते देखणे होते. काकांनी काही न बोलता त्यातील चारांना चाके लावली आणि शेजारच्या मुलांना अंगणात ओढायला दिले. संध्याकाळपर्यंत दोघांचे पुढचे पाय तुटले होते, अगदी आडव्या तंतूच्या रेषेवर. यंत्राला आकार दिलेला होता. लाकडाची दिशा त्याला कोणी सांगितली नव्हती. मुलाने ते मान्य केले आणि कामाची वाटणी बदलली: धड यंत्रावर ओबडधोबड कापून आणायचे, पाय वेगळे करून खुंटीने बसवायचे, तोंड, कान, शिंगे आणि शेवटची घासाई हाताने. वशिंडाची उंची यंत्रामुळे सारखी आली, तोंडे मात्र छत्तीस प्रकारची राहिली. एकाही मुलाने त्याबद्दल तक्रार केली नाही. उलट प्रत्येकाला आपला नंदी ओळखता आला, आणि रुसवे टाळण्याचा समितीचा हेतू असा उलट्या वाटेने साध्य झाला.

खेळणे की देव

याच काळात मुलाच्या डोक्यात वर्षभर ऑनलाइन विक्री करण्याचा विचार होता, आणि तिथे एक विचित्र प्रश्न उभा राहिला. नंदी कोणत्या प्रकारात नोंदवायचा? खेळणी म्हणावे तर १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, पण त्यासाठी आधी ती नोंदणी हवी. पूजासाहित्य म्हणावे तर गिऱ्हाईक त्याला चाके का आहेत असे विचारते. शोभेची वस्तू म्हणावे तर आपण पुन्हा कपाटाशी येऊन पोहोचतो.

सरकारी योजनांतही हीच अडचण आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतार आहे आणि बाहुल्या-खेळणी करणारेही आहेत, पण लाभ एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला मिळतो. काकांनी स्वतःची नोंद सुतार म्हणून केली. हे काम कागदावर कुठे बसवायचे याचा त्यांना मुळीच प्रश्न पडत नाही. तान्हा पोळ्याच्या दुपारी नंदीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात आणि तासाभरात तोच नंदी खडीवरून फरफटत जातो; दोन्ही गोष्टी तेच घर, तेच मूल करते, आणि त्यात कोणालाही विसंगती दिसत नाही. प्रकार ठरवण्याची गरज विकणाऱ्याला लागते, ओढणाऱ्याला लागत नाही.

३ सप्टेंबर आणि त्यानंतर

नंदी १ सप्टेंबरच्या रात्री पोहोचवले, कारण ३ तारखेला सकाळपासून मारबतीच्या गर्दीमुळे इतवारीच्या बाजूने हातगाडीही काढता येत नाही. संध्याकाळी संकुलाच्या अंगणात धोतर-फेट्यातील मुले आणि नऊवारीतील मुली नंदी घेऊन उभ्या राहिल्या. तोरण बांधले होते. एका आजोबांनी दोन झडत्या म्हटल्या. त्या अर्ध्या लोकांना समजल्या नाहीत, पण "हर हर महादेव" सगळ्यांनी म्हटले. मग दोऱ्या ताणल्या गेल्या आणि गट्टूंवरून एकशे चव्वेचाळीस लाकडी चाकांचा जो आवाज झाला तो वरच्या मजल्यांवरील लोकांना गॅलरीत घेऊन आला.

समितीने बोजारा पाकिटांत घालून एकाच ठिकाणी वाटायचे ठरवले होते. मुलांनी ते मानले नाही. घरोघरी जायचे म्हणून ती नंदीसकट लिफ्टमध्ये शिरली, आणि तिथे ज्याचा कोणीच विचार केला नव्हता ती गोष्ट घडली: लिफ्टचे दार आणि मजल्याची फरशी यांच्यामधील फटीत नंदींची चाके अडकू लागली. काही मुलांनी नंदी कडेवर घेतले, काहींनी हिसका मारला. त्या संध्याकाळी चार चाके आणि लांब शिंगांच्या आठांपैकी तीन नंदींची शिंगे गेली. आखूड शिंग एकही मोडले नाही.

काकांना हे दुसऱ्या दिवशी फोनवरून कळले. त्यांनी फटीची रुंदी विचारली. संकुलातील कोणीतरी पट्टीने मोजून सांगितली आणि ती त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली.

२०२५ च्या पोळ्याआधी, जुलैच्या मध्यापासून, त्या छत्तीसांपैकी चौदा नंदी दुरुस्तीला आले: नऊ चाकांसाठी, तीन शिंगांसाठी, एक कानासाठी, आणि एक केवळ पोटावर मुलीचे नाव कोरून हवे होते म्हणून. शिंगांसाठी आलेल्या तिघांनाही विचारून आखूड शिंगे लावली. नव्या चाकांची जाडी फटीहून अधिक ठेवली होती. सोबत सहा नव्या नंदींची मागणी आली, त्यांतील दोन शेजारच्या संकुलातून. पाटी काढून कपाटात ठेवलेल्या नंदींपैकी काहींचे नट वर्षभरात हरवले होते. त्यांच्यासाठी मुलाने नटांचा एक डबा दाराजवळ ठेवला आहे आणि त्याचे पैसे तो घेत नाही, यावरून त्या घरात सध्या वाद सुरू आहे.